दूरच्या दीर्घिकेतले बेभरवशाचे तारे

तारा जास्तीत जास्त केवढा असू शकतो? वर्गात हा प्रश्न आला तर ‘सूर्याच्या शंभरपट, फार तर दोनशेपट’ असे काहीतरी सांगून आपण पुढे जातो. पण अशी मर्यादा असावी तरी का? आणि त्या मर्यादेजवळ पोचलेल्या ताऱ्याचे काय होते? या प्रश्नांची उत्तरे शोधताना खगोलशास्त्रज्ञांना शेजारच्या दोन दीर्घिकांची मोठी मदत झाली. एक देवयानी तारकासमूहातली एम ३१, सुमारे २५ लाख प्रकाशवर्षे दूर. दुसरी त्रिकोण तारकासमूहातली एम ३३, सुमारे २७ लाख प्रकाशवर्षे दूर.

घरचे तारे सोडून एवढ्या लांब जायचे कारण काय? आपण आकाशगंगेच्या आत बसलो आहोत. मधल्या धुळीमुळे पलीकडचे तारे अंधुक होतात, आणि एखादा तारा मुळात तेजस्वी आहे की नुसताच जवळ आहे हे ठरवणे कठीण जाते. दूरच्या डोंगरावरील वाडीचे दिवे आठवा. ते सगळे आपल्यापासून जवळपास सारख्याच अंतरावर असतात. त्यामुळे जो दिवा प्रखर दिसतो तो खरोखरच प्रखर असतो. एम ३३ मधल्या ताऱ्यांचे तसेच आहे.

१९२२ साली जॉन डंकन या अमेरिकन खगोलशास्त्रज्ञाने माउंट विल्सन वेधशाळेतल्या छायाचित्रांवरून एम ३३ मध्ये तेज बदलणारे, म्हणजे रूपविकारी, तारे नोंदवले. पुढे एडविन हबल यांनी तिथे सेफिड प्रकारचे ३५ रूपविकारी तारे शोधले आणि १९२६ मध्ये ती स्वतंत्र दीर्घिका असल्याचे दाखवून दिले. सेफिड तारे घड्याळासारखे नियमित असतात. त्यांच्या आवर्तनकाळावरून अंतर मोजता येते. पण छायाचित्रांच्या त्याच काचांवर काही तारे असे होते, की ज्यांचा कसलाच ताल लागत नव्हता. वर्षानुवर्षे शांत राहायचे, मग हळूहळू उजळायचे, पुन्हा मंदावायचे.

त्यांचा हिशेब लावायला काही दशकांच्या काचा जमाव्या लागल्या. १९५३ मध्ये हबल आणि त्यांचे तरुण सहकारी अ‍ॅलन सँडेज यांनी अशा पाच ताऱ्यांचे तेजालेख प्रसिद्ध केले. एम ३१ मधला १९ क्रमांकाचा तारा आणि एम ३३ मधले २, ए, बी व सी हे ते पाच तारे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये हबल यांचे निधन झाले. या ताऱ्यांना पुढे ‘हबल-सँडेज रूपविकारी’ असे नाव पडले.

हे तारे दिसतात किती अंधुक? साधारण सोळाव्या प्रतीचे. नुसत्या डोळ्यांना सहाव्या प्रतीपर्यंतचे तारे दिसतात. पाच प्रतींचा फरक म्हणजे शंभरपट, तेव्हा दहा प्रतींचा फरक म्हणजे दहा हजारपट. इतके अंधुक तारे महत्त्वाचे कसे, असे वाटेल. पण २७ लाख प्रकाशवर्षांवरून एकटा तारा वेगळा ओळखू येतो, याचाच अर्थ त्याचे खरे तेज सूर्याच्या लाखो पट आहे.

त्यांच्या चढउतारात एक गंमत आहे. शांत असताना अशा ताऱ्याच्या पृष्ठभागाचे तापमान १२,००० ते ३०,००० अंश असते, आणि त्याची बरीचशी ऊर्जा डोळ्यांना न दिसणाऱ्या अतिनील किरणांत जाते. पुढे त्याचे बाह्य आवरण फुगते आणि तापमान सुमारे ८,००० अंशांवर येते. आता तीच ऊर्जा दृश्य प्रकाशात बाहेर पडते. एकूण ऊर्जा फारशी वाढलेली नसते, तरी तारा आपल्याला उजळलेला दिसतो! १९८४ मध्ये पीटर कॉन्टी यांनी या ताऱ्यांना, त्यांच्या आकाशगंगेतील व मोठ्या मॅगेलन मेघातील भाऊबंदांसह, ‘तेजस्वी निळे रूपविकारी’ असे एकत्रित नाव दिले.

हे तारे अस्थिर का? ताऱ्याचे गुरुत्वाकर्षण त्याचे द्रव्य आत ओढते, तर बाहेर पडणारा प्रकाश त्या द्रव्याला बाहेर ढकलतो. सूर्यात हा प्रकाशाचा दाब किरकोळ आहे. पण वस्तुमान वाढले की तेज त्याहून कितीतरी वेगाने वाढते, आणि एका टप्प्याला ढकलणे ओढण्याच्या बरोबरीला येते. ही सीमा आर्थर एडिंग्टन यांनी दाखवली होती. तिच्या काठावर उभ्या असलेल्या ताऱ्याचे आवरण थोड्याशा कारणाने सुटू लागते.

त्याचा निरीक्षणातला पुरावा १९७९ मध्ये पुढे आला. रोबर्टा हम्फ्रीज आणि क्रिस डेव्हिडसन यांनी तेजस्वी ताऱ्यांची यादी तपासली. उष्ण ताऱ्यांत सूर्याच्या दहा लाख पटींहून तेजस्वी तारे सापडत होते. थंड, तांबड्या ताऱ्यांत मात्र पाच-सहा लाख पटींच्या वर जवळपास कुणीच नव्हते. म्हणजे सर्वांत वजनदार तारे फुगून तांबडे होण्याआधीच आपले द्रव्य उधळून टाकत असले पाहिजेत.

पाचांपैकी ‘ए’ हा तारा मात्र वेगळा निघाला. १९५० च्या सुमारास तो एम ३३ मधल्या सर्वांत तेजस्वी ताऱ्यांपैकी एक होता. मग तो झपाट्याने तीन प्रतींहून अधिक, म्हणजे पंधरापटींहून जास्त, मंदावला. १९८० नंतरच्या दशकात पाहिले तेव्हा त्याचा वर्णपट थंड ताऱ्याचा होता, आणि हरवलेला प्रकाश भोवतालच्या धुळीतून अवरक्त किरणांच्या रूपाने येत होता. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तो पुन्हा उष्ण झालेला आढळला. हा निळा नव्हे, तर पिवळा महाराक्षसी तारा, आणि त्याचा उद्रेक पस्तीस वर्षांहून अधिक चालला होता. एका संशोधकाच्या हयातीत मावणार नाही एवढी ही निरीक्षणांची साखळी! हबलच्या काचा कुणी जपून ठेवल्या नसत्या तर ती जुळलीच नसती.

या ताऱ्यांचा शेवट कसा होतो, यावर अजून वाद आहे. पूर्वी समजूत होती, की हा मधला टप्पा आहे आणि अतिनवताऱ्याचा स्फोट पुष्कळ नंतर होतो. पण २००५ मध्ये एका दूरच्या दीर्घिकेत स्फोट झाला. हबल दुर्बिणीच्या १९९७ च्या चित्रात त्या जागी अशाच प्रकारचा अतितेजस्वी तारा होता, आणि स्फोट ओसरल्यावर तो नाहीसा झालेला दिसला. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. २०१५ मध्ये नेथन स्मिथ आणि त्यांच्या सहकाऱ्याने दाखवले, की असे काही तारे इतर वजनदार ताऱ्यांच्या घोळक्यापासून दूर आढळतात. ते जोडताऱ्यांपैकी असून जोडीदाराचे द्रव्य घेऊन वजनदार झाले असावेत, असे त्यांचे म्हणणे. हम्फ्रीज आणि सहकाऱ्यांनी ते खोडून काढले, आणि त्यासाठी एम ३१ व एम ३३ मधल्या ताऱ्यांचाच आधार घेतला.

यातला ‘सी’ हा तारा १९८० नंतर उजळला होता, तसाच २०१३ मध्ये पुन्हा उजळू लागला. आज मध्यम आकाराच्या दुर्बिणीला इलेक्ट्रॉनिक कॅमेरा जोडून हौशी निरीक्षकही त्याचे तेज मोजू शकतात. नोव्हेंबर-डिसेंबरच्या रात्री गावाबाहेर, डोक्यावरून जरा उत्तरेला, एम ३१ चा पुसट डाग नुसत्या डोळ्यांनी दिसतो. एम ३३ ला द्विनेत्री लागेल. यांतले तारे काही वेगळे दिसणार नाहीत. पण विद्यार्थ्यांना तो डाग दाखवताना एवढे जरूर सांगावे, की त्यातले काही तारे सूर्याच्या एक हजार कोटी वर्षांच्या आयुष्यापुढे जेमतेम तीस-चाळीस लाख वर्षे जगतात. म्हणूनच त्यांच्यातले बदल माणसाला पाहता येतात.