कूळ मालक झाले, भाडेकरू मात्र भाडेकरूच राहिला

रायपूर जिल्ह्यातल्या खेड्यात दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी आणि रायपूर शहरात दुसऱ्याच्या घरात राहणारा भाडेकरू, या दोघांना एकाच विधानसभेने दोन वर्षांच्या अंतराने अगदी निराळा न्याय दिला. मध्य प्रदेश भू-राजस्व संहिता २ ऑक्टोबर १९५९ रोजी लागू झाली. मालकाने स्वतः कसण्यासाठी मुदतीत परत मागितली नसेल अशी जमीन या संहितेच्या कलम १९० ने मौरूसी, म्हणजे कायम वहिवाटीच्या, कुळाच्या नावावर केली. कुळाने मालकाला जमीन महसुलाच्या १५ पट रक्कम पाच वार्षिक हप्त्यांत द्यायची आणि स्वतः भूमिस्वामी व्हायचे. महाराष्ट्रातल्या वाचकाला हे ओळखीचे वाटेल, कारण मुंबई राज्याच्या कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी हेच केले होते. पण १९६१ मध्ये याच विधानसभेने शहरी घरांसाठी स्थान नियंत्रण अधिनियम केला, त्यात खरेदीच्या हक्काची एक ओळही नाही. भाडेकरूला मिळाले ते संरक्षण. माझ्या मते चूक तिथेच झाली, आणि रायपूरच्या जुन्या वस्त्यांतली घरमालक-भाडेकरूंची पिढ्यान्‌पिढ्यांची भांडणे त्याच चुकीची फळे आहेत.

संरक्षणाची ही परंपरा त्याआधीची. नागपूर आणि रायपूर एकाच मध्य प्रांत-वऱ्हाडात होते, तेव्हा १९४६ चा कायदा आणि त्याखालचा १९४९ चा भाडे नियंत्रण आदेश दोन्ही शहरांना लागू होते. नियंत्रकाच्या परवानगीवाचून मालकाला भाडेकरार संपवण्याची नोटीस देता येत नसे. महायुद्धानंतरच्या टंचाईत हे गरजेचेच होते. नागपुरात तो आदेश २००० सालापर्यंत टिकला. रायपूरला त्याची जागा मध्य प्रदेशच्या कायद्यांनी घेतली, पण घडण तीच राहिली. प्रमाण भाड्याचा पाया जानेवारी १९४८ च्या भाड्यात रोवलेला होता आणि घर खाली करून घ्यायचे तर १९६१ च्या कायद्याच्या कलम १२ मधल्या ठरावीक कारणांपैकी एक सिद्ध करावे लागे. दावा दाखल झाला की कलम १३ सुरू होई. समन्स मिळाल्यापासून महिन्याभरात भाडेकरूने थकबाकी कोर्टात भरायची आणि पुढे दावा संपेपर्यंत दर महिन्याचे भाडे पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत भरत राहायचे. चुकला तर त्याचा बचावच काढून टाकण्याचा अधिकार कोर्टाला होता. म्हणजे तात्यापाऱ्यातल्या किंवा सदर बाजारातल्या जुन्या घरातला माणूस वर्षानुवर्षे नेमाने पैसे भरी, त्यातला एक रुपयाही घराच्या किमतीत जमा होत नसे आणि मालकाच्या हाती दुरुस्तीपुरतेही काही उरत नसे. छप्पर गळू लागले की ते कोणी शाकारायचे यावर दोघे अडून बसत. मालकी एकाची आणि ताबा दुसऱ्याचा, अशा स्थितीत घरावर खर्च करणे दोघांनाही परवडणारे नव्हते.

शहरात मालकी देणे सरकारला जमणारे नव्हते असे म्हणावे, तर १९८४ चा कायदा आडवा येतो. सरकारी जमिनीवर झोपडी बांधून राहणाऱ्या शहरी भूमिहीनांना, १० एप्रिल १९८४ चा ताबा धरून, ५० चौरस मीटरपर्यंतचे पट्टे देण्याची सोय त्याने केली. ते योग्यच झाले. पण खेड्यातले कूळ आणि शहरातला झोपडीवासी यांच्यामध्ये नियमाने भाडे भरणारा भाडेकरू तेवढा राहून गेला. पुढे, रायपूर ज्या नव्या राज्यात गेले त्या छत्तीसगढने २०११ मध्ये स्वतःचा भाडे नियंत्रण कायदा करून १९६१ चा रद्द केला, आणि जुने संरक्षणही गेले. आता मालक कोणतेही कारण न देता सहा महिन्यांची नोटीस देऊन घर खाली करून मागू शकतो. त्यानंतर १२ महिने ते जास्त भाड्याने द्यायचे नाही, एवढीच अट. मालकी न देता दिलेले संरक्षण किती सहज काढून घेता येते, हे यातून दिसले. भूमिस्वामी झालेल्या कुळाची जमीन अशी एका नव्या कायद्याने परत मागता आली नसती.

भाडेकरूला खरेदीचा हक्क देण्यावर सर्वांत वजनदार आक्षेप मालकाच्या बाजूने येतो: हा दुसऱ्याची मालमत्ता हिसकावण्याचा प्रकार आहे. मुंबईकडे पाहिले तर त्यात तथ्य दिसते. म्हाडा कायद्यात १९८६ मध्ये घातलेल्या आठ-अ प्रकरणाने उपकरप्राप्त इमारतींतल्या ७० टक्के रहिवाशांच्या सहकारी संस्थेला इमारत घेण्याची वाट दिली, आणि किंमत ठेवली मासिक भाड्याच्या शंभरपट. भाडे ५० रुपये असेल तर ५,००० रुपयांत मुंबईतली जागा. मालक कोर्टात गेले. त्या वादातूनच निघालेल्या प्रश्नावर ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने बहुमताने सांगितले की प्रत्येक खासगी मालमत्ता ही समाजाची भौतिक संसाधने या व्याख्येत बसत नाही. मला इथे दोष खरेदीच्या हक्कात दिसत नाही, किमतीत दिसतो. आधी भाडे गोठवायचे आणि मग त्याच भाड्यावरून किंमत काढायची, हा मालकावर दुहेरी अन्याय आहे. संहितेतली महसुलाची १५ पटही याच जातीची होती, हे मान्य केले पाहिजे. आयर्लंडमध्ये १९०३ च्या कायद्याने वेगळा मार्ग काढला. सरकारने जमीनदारांना रोख किंमत दिली, वर १२ टक्के अधिक दिले, आणि कुळांनी ते कर्ज साडेअडुसष्ट वर्षांत फेडायचे ठरले. जमीनदार आपण होऊन विकायला पुढे आले. रायपुरात जमिनीचे गाईडलाइन दर सरकार ठरवते. त्यावर किंमत बांधली आणि भाडेकरूला गृहकर्जाची हमी दिली, तर हिसकावण्याचा प्रश्न राहत नाही.

दुसरा आक्षेप असा की उद्या भाडेकरू घर मागेल या भीतीने कोणी घर भाड्याने देणारच नाही. २००० मध्ये राजधानी झालेल्या, बाहेरून येणाऱ्यांनी भरलेल्या शहरात ही भीती खरी आहे. म्हणून हा हक्क नव्या करारांना लावूच नये. तो २०११ पूर्वीपासून त्याच घरात राहणाऱ्यांपुरता ठेवावा, आणि तोही मालक विकायला किंवा पाडायला निघेल तेव्हाच. इंग्लंडने १९८७ मध्ये इमारतींतल्या भाडेकरूंना असाच पहिल्या खरेदीचा मान दिला. राहिला प्रश्न छोट्या मालकाचा, विधवेचा, निवृत्त नोकरदाराचा. विधवा आणि निवृत्त नोकरदारांना १९६१ च्या कायद्यातल्या १९८३ च्या दुरुस्तीने वेगळे काढून स्वतःचे घर लवकर परत मिळण्याची सोय दिली होती. तीच यादी इथे वगळणुकीसाठी वापरता येईल. बाकीच्यांसाठी २०११ च्या कायद्यात एवढीच भर पुरे आहे: घर विकण्यासाठी किंवा पाडण्यासाठी सहा महिन्यांची नोटीस देणाऱ्या मालकाने त्याच नोटिशीत किंमत लिहावी, आणि ते सहा महिने भाडेकरूला ती किंमत उभी करण्यासाठी मिळावेत.