वर्तनाधारित चाचणीतील पायऱ्यांचा पुनर्वापर

वर्तनाधारित चाचणीतील पायऱ्यांचा पुनर्वापर म्हणजे सॉफ्टवेअरच्या अपेक्षित वर्तनाचे वर्णन करणारे एखादे वाक्य आणि त्यामागील कोड एकाहून अधिक चाचण्यांत वापरण्याची पद्धत होय. ही पद्धत 'बिहेव्हियर ड्रिव्हन डेव्हलपमेंट' (बीडीडी) या विकसनपद्धतीचा भाग असून क्युकंबर, बिहेव्ह, बिहॅट इत्यादी साधनांत ती आढळते. वाक्य आणि कोड यांची सांगड केवळ मजकुराच्या जुळणीवर अवलंबून असते. त्यामुळे पुनर्वापराचा प्रश्न प्रोग्रामिंगइतकाच भाषेचाही आहे, आणि मराठीत चाचण्या लिहिताना तो अधिक ठळकपणे जाणवतो.

इतिहास

ब्रिटिश संगणकतज्ज्ञ डॅन नॉर्थ यांनी २००३ च्या सुमारास जेबिहेव्ह या साधनाद्वारे ही पद्धत मांडण्यास प्रारंभ केला व २००६ मध्ये तिच्यावर लेख प्रसिद्ध केला. २००८ मध्ये अस्लाक हेलेसॉय यांनी रुबी भाषेत क्युकंबर तयार केले. त्यातील 'गर्किन' ही लेखनपद्धती अनेक मानवी भाषांत उपलब्ध आहे; मराठीचाही त्यांत समावेश आहे.

स्वरूप

गर्किनमधील चाचणीस 'परिदृश्य' आणि त्यातील प्रत्येक वाक्यास 'पायरी' म्हणतात. कोल्हापूरच्या शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यांची नोंद ठेवणारी प्रणाली कल्पिल्यास तिचे एक परिदृश्य असे लिहिता येईल:

वैशिष्ट्य: गुळाच्या सौद्याची नोंद
परिदृश्य: काही रव्यांचा सौदा
जर अडत्याकडे ४० रवे जमा आहेत
जेव्हा २५ रव्यांचा सौदा पूर्ण होतो
मग अडत्याकडे १५ रवे शिल्लक राहतात

प्रत्येक पायरीसाठी कोडमध्ये एक 'व्याख्या' असते. तीत वाक्याचा साचा आणि तो जुळल्यावर चालवायचे फंक्शन दिलेले असते. साच्यात संख्येच्या जागी प्राचल ठेवले की '४० रवे' आणि '४०० रवे' या दोन्हींसाठी एकच व्याख्या पुरते. एकही व्याख्या न जुळल्यास पायरी 'अव्याख्यात' ठरते. दोन जुळल्यास क्युकंबर 'संदिग्ध' असा दोष दाखवते.

जुळणी करताना क्युकंबर 'जर', 'जेव्हा', 'मग' हे आरंभीचे शब्द विचारात घेत नाही. साहजिकच 'अडत्याकडे ४० रवे जमा आहेत' हे वाक्य 'जर'नंतर आले काय किंवा 'मग'नंतर आले काय, तेच फंक्शन चालते. पहिल्या ठिकाणी रवे जमा करायचे असतात, तर दुसऱ्या ठिकाणी ते आहेत की नाहीत हे तपासायचे असते. तपासणीच्या जागी चुकून जमा करणारी पायरी पडली, तर चाचणी काहीही न तपासता उत्तीर्ण होते. म्हणून वरील उदाहरणात 'जमा आहेत' आणि 'शिल्लक राहतात' अशी भिन्न शब्दयोजना केली आहे. पायथॉनमधील बिहेव्ह आणि डॉटनेटसाठीचे स्पेकफ्लो ही साधने मात्र आरंभीच्या शब्दानुसार व्याख्या वेगळ्या ठेवू देतात.

पुनर्वापराची पातळी

सर्वाधिक वेळा वापरता येणारी पायरी सर्वांत उपयुक्त असतेच असे नाही. 'जेव्हा वापरकर्ता जतन करा ही कळ दाबतो' ही पायरी कोणत्याही प्रणालीत चालेल; परंतु अशा दहा पायऱ्यांचे परिदृश्य वाचून अडत्याला किंवा बाजार समितीच्या कर्मचाऱ्याला त्यात सौद्याचा कोणता नियम तपासला जात आहे हे कळणार नाही. शिवाय पडद्यावरील रचना बदलली की अशी सर्व परिदृश्ये बदलावी लागतात. 'सौदा पूर्ण होतो' ही पायरी मात्र तशीच राहते. बदल तिच्यामागील फंक्शनमध्ये होतो. याच कारणाने व्याख्यांची मांडणी वैशिष्ट्यांनुसार न करता रवे, सौदा, पट्टी अशा व्यवहारातील संकल्पनांनुसार करावी, अशी शिफारस क्युकंबरच्या मार्गदर्शिकेत केलेली आहे.

एका व्याख्येतून दुसरी पायरी तिच्या वाक्यानेच बोलावण्याची सोय क्युकंबरच्या रुबी आवृत्तीत आणि बिहेव्हमध्ये आहे. जावा आवृत्तीत ती नाही. तिचा वापर टाळलेला बरा. आतील वाक्याचा शब्द बदलला की बाहेरची व्याख्या मोडते. सामाईक काम साध्या फंक्शनमध्ये ठेवून ते दोन्ही व्याख्यांतून बोलावणे अधिक सुरक्षित असते.

मराठीतील पायऱ्या

मराठी क्रियापद नामाच्या लिंगवचनानुसार बदलते: रवा विकला जातो, ढेप विकली जाते, पोते विकले जाते. त्यामुळे केवळ नामाच्या जागी प्राचल ठेवून भागत नाही. क्युकंबरच्या साच्यात तिरप्या रेषेने पर्याय देता येतात (रवा/रवे, राहतो/राहतात), पण पर्याय वाढले की साचा वाचणे अवघड होते. त्यापेक्षा 'रव्यांची विक्री होते', 'ढेपांची विक्री होते' अशी रचना सोयीची ठरते, कारण तेथे क्रियापद 'विक्री' या शब्दाशी बांधलेले राहते.

अंकांचीही अडचण आहे. पूर्णांकासाठीचे 'इंट' हे तयार प्राचल रुबी आणि जावास्क्रिप्ट आवृत्त्यांत देवनागरी अंक ओळखत नाही. तेथे वरील उदाहरण चालवण्यासाठी देवनागरी अंक स्वीकारणारा स्वतंत्र प्राचल-प्रकार नोंदवावा लागतो.

सर्वांत फसवी अडचण 'शेतकऱ्याची पट्टी' यासारख्या वाक्यांत उद्भवते. त्यातील 'ऱ्य' हे जोडाक्षर युनिकोडमध्ये दोन प्रकारे टंकित होते: 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर वापरून किंवा 'र'नंतर हलन्त आणि शून्य-रुंदी जोडक देऊन. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, परंतु संगणकाला ते मजकूर भिन्न असतात. मग साधन पायरी अव्याख्यात ठरवून नव्या व्याख्येचा आराखडा सुचवते. तो जसाच्या तसा स्वीकारल्यास एकाच वाक्याच्या दोन व्याख्या तयार होतात. पुढे पट्टीतील हमाली किंवा तोलाईच्या वजावटीचा नियम बदलून एकीतच दुरुस्ती झाली, तर काही परिदृश्ये जुन्याच नियमाने हिशोब तपासत राहतात. फाइल जतन करताना या दोन प्रकारांपैकी एकच सर्वत्र राहील असा बदल करणे हा यावरील उपाय आहे. क्युकंबरमधील वापर-अहवालात कोणती व्याख्या कोठे वापरली गेली आणि कोणती कधीच वापरली गेली नाही हे दिसते. अशा जुळ्या व्याख्या त्यात शोधता येतात.