संघातल्या दोन रिकाम्या जागा

साल १९२०. तुम्ही कारंज्याच्या स्टेशनात उभे आहात. आज कारंजा ज्यात मोडतं तो वाशीम जिल्हा इथे नकाशावर नाही. पंधरा वर्षांपूर्वी तो मोडून त्याचा मोठा भाग अकोल्यात घातला आहे, आणि १ जुलै १९९८ पर्यंत तो परत येणार नाही. फलाटावर रुईच्या गाठी रचलेल्या आहेत. कापसाचा बारीक तूस हवेत तरंगतो, पापण्यांवर बसतो. मूर्तिजापूर-यवतमाळ ही अरुंद रुळांची गाडी किलिक निक्सन कंपनीने वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी टाकली. माणसं तिच्यात बसतात ती गाठींच्या सोबतीने.

डब्यातलं बोलणं ऐका. कापसाचा भाव, मग मे महिन्यात नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली झालेली बहिष्कृतांची परिषद, मग जानेवारीपासून निघू लागलेलं 'मूकनायक' पाक्षिक. एक जण हळू आवाजात विचारतो, "मुंबईला बाळूला घेतलं का औंदा?" तुमच्या लक्षात येतं, की हा प्रश्न क्रिकेटचा असला तरी क्रिकेटपुरता नाही.

मूर्तिजापूरला गाडी बदला. भुसावळ मागे पडतं, रात्री थळघाट उतरताना इंजिनाचा धूर खिडकीतून आत येतो, आणि सकाळी तुम्ही बोरीबंदरला उतरता. मैदान इथून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. बॉम्बे जिमखान्याचं हे मैदान गोऱ्यांचं. एरवी तुम्हाला इथे पाय ठेवता येणार नाही, पण चौरंगी सामन्यांच्या दिवसांत तंबू लागतात, तिकिटं विकली जातात. युरोपियन, पारशी, हिंदू, मुसलमान असे धर्मावर बांधलेले चार संघ. हिंदूंचा संघ निवडणारी मंडळी परमानंददास जीवनदास हिंदू जिमखान्याची.

संघाची यादी बघा. पालवणकर बाळूंचं नाव नाही.

इथून आणखी मागे जायला हवं, नाहीतर या गैरहजेरीचं वजन कळणार नाही. पुण्यात या, एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी. गोऱ्यांच्या क्लबात बाळू नावाचा एक सडपातळ पोरगा रोज सकाळी खेळपट्टी झाडतो, जाळी बांधतो. पगार महिन्याला चार रुपये. वडील लष्करात नोकरीला, जात चांभार. ग्रेग नावाचा साहेब सरावाला लवकर येतो आणि या पोराला गोलंदाजी टाकायला सांगतो. बाद केलंस की आठ आणे, असा त्यांचा करार होता म्हणतात. बॅट त्याच्या हातात कुणी देत नाही; डावखुरा चेंडू मात्र तो तासन्‌तास टाकतो. पुण्याच्या हिंदू क्लबाला गोऱ्यांना हरवायचं असतं, म्हणून बरीच चर्चा होऊन त्याला संघात घेतात. चहाच्या वेळी तुम्ही तंबूकडे वळा. बाकीचे आत, कपबशीतून चहा पिताहेत. बाळू बाहेर उभे, हातात मातीचं भांडं, पिऊन झालं की फेकून द्यायचं. आताच्या षटकांत त्याच हाताने गडी बाद केलेले असतात. चेंडू सगळ्यांनी हाताळलेला चालतो, कप चालत नाही. या दृश्यावरून नजर लवकर काढू नका. पुढची वीस वर्षं जे काही घडणार आहे ते इथून समजतं.

मुंबईला परत, फेब्रुवारी १९०६. हिंदू २४२ आणि १६०, युरोपियन १९१ आणि १०२. राज्यकर्त्यांवर १०९ धावांनी विजय, आणि त्यात बाळूंच्या चेंडूचा मोठा वाटा. मग १९११चा इंग्लंड दौरा. पतियाळाचे महाराज कप्तान. ते बराच काळ मेजवान्यांत आणि दरबारी कामांत. संघ सामन्यांमागून सामने हरत असताना बाळू एकटे ११४ बळी घेऊन येतात. वय पस्तिशीचं. खांदा दुखत असतो, तरी चेंडू पुन्हा त्यांच्याच हाती दिला जातो. परत आल्यावर मुंबईत दलित समाज त्यांचा सत्कार करतो. मानपत्र भीमराव आंबेडकर नावाच्या तरुण विद्यार्थ्याने लिहिलं, असं चरित्रकार सांगतात.

स्टार खेळाडू म्हणजे आणखी काय असतं? भारतात तोवर यापेक्षा मोठा गोलंदाज झालेला नव्हता. तरीही हिंदू संघाच्या कप्तानीसाठी त्यांचं नाव दरवर्षी निघतं आणि दरवर्षी मागे पडतं. १९१३ साली कप्तान झालेले म. द. पै यांनी जाहीरपणे म्हटलं, की हा मान खरं तर बाळूंचा, ते संघात सगळ्यांत ज्येष्ठ आणि अनुभवी. समितीने ऐकून घेतलं आणि पुढच्या वर्षी तेच केलं. मला ही गोष्ट सगळ्यांत जास्त बोचते. निर्णय घेणाऱ्यांना लायकी दिसत नव्हती असं नाही. ती दिसत होती, तोंडाने मान्यही होत होती. त्यांना बाळूंचे बळी हवे होते आणि ते कप्तानी न देताही मिळत होते. मग बदलायचं कशाला?

आता १९२०ची ती यादी पुन्हा हातात घ्या. पै आजारी आहेत. मुसलमानांविरुद्धच्या सामन्यासाठी नवा कप्तान हवा. बाळूंना वयाचं कारण देऊन संघातूनच वगळलं आहे. त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघात आहेत. विठ्ठल या घडीला संघाचे प्रमुख फलंदाज, कप्तानी आता तरी त्यांच्याकडे येईल असा सर्वसाधारण समज. समिती पुण्याच्या दि. ब. देवधरांचं नाव जाहीर करते. देवधर मोठे खेळाडू, पुढे रणजी करंडक दोनदा महाराष्ट्राला मिळवून देणार आहेत. पण या दिवशी ते विठ्ठल यांच्यापेक्षा धाकटे आहेत, आणि ब्राह्मण आहेत.

दोघे भाऊ संघातून बाहेर पडतात. नुसते गप्प बसत नाहीत, वर्तमानपत्रात निवेदन देतात: आमच्याहून कमी हक्क असलेल्याला जातीमुळे वर चढवलं जातं, हे आम्हाला मान्य नाही. तंबूबाहेर ते निवेदन वाचणाऱ्यांच्या घोळक्यात तुम्ही शिरा. कुणी म्हणतं, देशाचा मान आधी. कुणी म्हणतं, देश म्हणजे कोण? आता काय बदललं ते बघा. इतकी वर्षं समितीपुढे बाळूंची कामगिरी होती, ती तिने वापरली. आज तिच्यापुढे दोन रिकाम्या जागा आहेत, आणि त्या जागा कशामुळे रिकाम्या आहेत हे गावाला छापून कळलं आहे. त्याच वर्षअखेरीस नागपूरच्या अधिवेशनात काँग्रेस अस्पृश्यता दूर करा म्हणणार आहे. अशा काळात हिंदू जिमखान्याला हे निवेदन पचवणं अवघड होतं.

मुसलमानांविरुद्धचा सामना निघून जातो. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याआधी समिती माघार घेते, पण पुरती नाही. पै बरे होऊन कप्तान म्हणून परततात, दोघे भाऊ परततात, आणि वगळलेल्या बाळूंना बोलावून उपकप्तान करतात. सामन्यात एका टप्प्यावर नीट पाहा: पै मैदान सोडून तंबूकडे चालू लागतात. संघाची सूत्रं बाळूंच्या हाती येतात. चव्वेचाळिशीच्या आसपासचा तो माणूस क्षेत्ररक्षण लावतो, हाताने खूण करतो, आणि सवर्ण खेळाडू त्या खुणेप्रमाणे सरकतात. पै यांनी मान वाकवून दिलेली ही जागा होती, नियमाने मिळालेली नव्हती. सामना अनिर्णित राहतो.

खेळाडू संघ सोडायला निघाला की वरचे लोक इतरत्र किती झटकन झुकतात ते पाहायचं असेल तर क्षणभर अमेरिकेत जा. १८ नोव्हेंबर १९८१ला लॉस एंजेलिस लेकर्स या बास्केटबॉल संघाचा मॅजिक जॉन्सन सामन्यानंतर पत्रकारांना सांगतो, मला दुसऱ्या संघात पाठवा. दुसऱ्या दिवशी प्रशिक्षक पॉल वेस्टहेड यांना काढलं जातं. जॉन्सन बावीस वर्षांचा, खिशात पंचवीस वर्षांचा अडीच कोटी डॉलरचा करार. त्याच्यावर तेव्हा लोकांनी शिट्ट्या वाजवून नाराजी काढली, आणि मोठ्या खेळाडूच्या लहरीवर संघ चालतो ही टीका तेव्हापासून बास्केटबॉलमध्ये वारंवार होते. त्या टीकेत तथ्य आहे. पण पालवणकर बंधूंच्या शेजारी उभं राहून ती तशीच्या तशी उच्चारता येत नाही. जॉन्सनच्या हाती मालकाचा पैसा अडकलेला होता. पालवणकरांकडे असा दरारा नव्हता. जागा सोडली तर संघाशिवाय दुसरं व्यासपीठही नव्हतं. भावांनी तीच जागा पणाला लावली.

मुंबई, १९२३. या वर्षी कप्तान म्हणून जाहीर झालेलं नाव विठ्ठल पालवणकर. हिंदू संघ युरोपियनांना हरवून स्पर्धा जिंकतो. गर्दी दोरखंड ओलांडून आत घुसते आणि तुम्हीही त्या रेट्यात आहात. सवर्ण हिंदू विठ्ठल यांना खांद्यावर उचलून घेतात. एका वाचकाने वर्तमानपत्राला पत्र लिहून याच दृश्याला या सामन्यांची सगळ्यांत आनंदाची घटना म्हटलं. त्यांना उचलणाऱ्या हातांपैकी किती जणांनी घरी गेल्यावर त्यांना पाणी दिलं असतं, हा प्रश्न तुमच्या मनात येईल. येऊ द्या, तो बरोबर आहे.

विठ्ठल पुढची वर्षंही कप्तान राहतील. बाळू या वर्षी सत्तेचाळिशीच्या आसपास आहेत, खेळ सुटलेला आहे. हिंदूंच्या कप्तानांच्या यादीत त्यांचं नाव कधीच लागलं नाही. १९३७ साली ते मुंबईच्या निवडणुकीत डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहतील आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी हरतील. जिमखान्याच्या समितीने दहा वर्षं जी एक जागा अडवून धरली ती त्यांच्यापुरती अडलेलीच राहिली.