महाराजांच्या नावाची मोकळी जागा

कोल्हापुरात शाहू महाराजांच्या स्मारकाला जागा मिळत नाही, अशी तक्रार कुणालाच करता येणार नाही. जागा आहे, आणि ती शहराच्या ऐन वस्तीत आहे. कोटीतीर्थ तलावाच्या शेजारी सुमारे २७ एकर. ती महाराजांनीच सुरू केलेल्या गिरणीची जागा. १९०६ साली पाया घातला गेला, २००३ साली टाळं लागलं. मधल्या काळात संस्थान विलीन झालं, गिरणी सरकारकडे आणि शेवटी राज्य वस्त्रोद्योग महामंडळाकडे आली, पण लोकांच्या तोंडी ती कायम ‘शाहू मिल’च राहिली. बंद पडल्यावर काही वर्षांनी ठरलं की इथे महाराजांचं भव्य स्मारक करायचं : संग्रहालय, सभागृह, बाग. आराखडे झाले, सादरीकरणं झाली, सरकारं बदलली. २६ जूनला, म्हणजे जयंतीला, एखादा मंत्री हे काम लवकरच मार्गी लागेल असं सांगतो. तोवर आत झाडोरा माजलेला असतो.

या दिरंगाईवर वर्तमानपत्रांत पुष्कळ लिहून झालं आहे, त्यात भर घालायची नाही. मला कुतूहल आहे ते वेगळंच. ज्या माणसाचं स्मारक करायचं आहे, त्याने स्वतः आयुष्यभर दुसऱ्यांची स्मारकं केली. ती कशी केली, हे त्याचं स्मारक आखणाऱ्यांनी एकदा तरी पाहिलं असेल का?

महाराज मूळचे कागलचे. कागलच्या थोरल्या पातीच्या जयसिंगराव ऊर्फ आबासाहेब घाटग्यांचे ते चिरंजीव, नाव यशवंतराव. चौथे शिवाजी महाराज २५ डिसेंबर १८८३ रोजी अहमदनगरला इंग्रजांच्या नजरकैदेत वारले आणि १७ मार्च १८८४ रोजी नऊ वर्षांच्या यशवंतरावांना आनंदीबाईंनी दत्तक घेतलं. दोनच वर्षांनी जन्मदाते वडील गेले. त्या वडिलांच्या नावाचा जयसिंगराव तलाव कागलात आहे. त्या तलावाला स्मारक म्हणावं असं कागलकराच्या मनातही येत नाही, कारण तो तलाव आहे, गावाने त्याचं पाणी वापरलं. हे न सुचणंच मला महत्त्वाचं वाटतं. नाव रोजच्या तोंडी आहे, आणि त्यासाठी हार घालावा लागत नाही.

महाराजांचा स्मारकांचा रिवाज याच जातीचा होता. १८९६ साली राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी सर्व जातींचं एक वसतिगृह निघालं. थोड्याच वर्षांत ते व्यवहारात फक्त ब्राह्मण मुलांचं झालं. महाराजांनी त्यावर भाषण केलं नाही, जागा शोधल्या. जानेवारी १९०१ मध्ये व्हिक्टोरिया राणी वारली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये कोल्हापुरात व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग निघालं. राणीच्या नावाखाली खेड्यातून आलेल्या कुणब्यांच्या पोरांची जेवण्या-झोपण्याची सोय. मग जैनांचं बोर्डिंग, मुसलमानांचं, लिंगायतांचं. १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी निघालेल्या वसतिगृहाला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांच्या मुलीचं, मिस क्लार्कचं नाव आहे. यात मुत्सद्देगिरी होतीच. गव्हर्नरच्या लेकीचं नाव पाटीवर असलं की त्या पाटीकडे वाकडं बघायची कुणाची छाती होणार? पण पाटीच्या आत जी मुलं होती, ती खरी होती. दसरा चौकाच्या आसपासचा त्या काळचा मोकळा भाग असा एकेका बोर्डिंगने भरत गेला.

आणि एक स्मारक तर घरच्या दुःखाचं आहे. धाकटा मुलगा प्रिन्स शिवाजी १२ जून १९१८ रोजी रानडुकराच्या शिकारीत घोड्यावरून पडून गेला. नुकतंच लग्न झालेलं होतं. बापाने काय केलं? विधवा सुनेला, इंदुमतीदेवींना, राजवाड्यातल्यांचा विरोध असताना शिकवायला घेतलं, आणि १९२० साली मुलाच्या नावाने प्रिन्स शिवाजी मराठा फ्री बोर्डिंग हाऊस सुरू केलं. त्यातला ‘फ्री’ हा शब्द लक्षात घ्यावा. गरिबाच्या मुलाने फुकट राहावं, जेवावं आणि शिकावं, ही राजपुत्राची आठवण.

त्याच १९२० सालात कागल जहागिरीतल्या एका खेड्यात जे घडलं, त्याला जागा म्हणून काय होतं? एक मोकळं पटांगण आणि एक तक्क्या. गाव माणगाव, आज ते हातकणंगले तालुक्यात येतं. तक्क्या हा शब्द पुण्या-मुंबईकडच्या वाचकाला कदाचित सांगावा लागेल. आमच्या भागात दलित वस्तीतली सगळ्यांच्या मालकीची बसण्या-उठण्याची जागा म्हणजे तक्क्या. बैठक तिथे, पाहुणा उतरणार तिथे, पंचायत तिथे, पावसाळ्यात भजन तिथे. आज सरकारी कागदात ज्याला ‘समाजमंदिर’ म्हणतात, त्याचा हा जुना, बिनसरकारी अवतार. चार भिंती आणि छप्पर, पण ती गावात आपल्या हक्काची एकमेव सार्वजनिक जागा. चावडीवर, देवळात, पाणवठ्यावर ज्यांना उभं राहता येत नव्हतं, त्यांना तक्क्याची किंमत काय असेल याचा आपण फक्त अंदाज करू शकतो.

माणगावचे पाटील अप्पासाहेब दादगोंडा पाटील, जातीने जैन. त्यांच्या पुढाकाराने २१ आणि २२ मार्चला तिथे दक्षिण महाराष्ट्रातल्या बहिष्कृत वर्गाची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. भीमराव आंबेडकर : अठ्ठावीस वर्षांचे, मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक, आणि ‘मूकनायक’ सुरू होऊन जेमतेम सात आठवडे झालेले. त्या पत्राला महाराजांनीच अडीच हजार रुपये दिले होते. महाराज परिषदेला स्वतः आले आणि जमलेल्या लोकांना त्यांनी सांगितलं की तुम्हाला तुमचा पुढारी तुमच्यातच मिळाला आहे. राजाने एका दिवसात स्वतःची जागा रिकामी करून दुसऱ्याला दिली, असं हे होतं. आपल्याकडच्या इतिहासात असे प्रसंग बोटांवर मोजण्याइतकेच. परिषदेने ठराव केले ते शिक्षणाचे, हक्कांचे, मेलेल्या जनावराचं मांस न खाण्याचे. त्यांत एक ठराव असाही होता की शाहू महाराजांचा वाढदिवस सणासारखा साजरा करावा. म्हणजे महाराजांचं पहिलं स्मारक त्यांच्या हयातीतच झालं. त्याला ना दगड लागला ना जमीन. ते लोकांनी पटांगणात बसून हात वर करून मंजूर केलं.

पुढे माणगावलाही स्मारक आलं. बाबासाहेब त्या वेळी तक्क्यातच उतरले होते, असं गावात सांगतात. आज तिथे जाणाऱ्याला मात्र आधी दिसते ती लंडनच्या घराची प्रतिकृती. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब लंडनमध्ये किंग हेन्रीज रोडवर दहा नंबरच्या घरात राहत. ते घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलं, आणि त्याची नक्कल माणगावात उभी राहिली. होलोग्राफीचा खेळही आहे. हौसेने केलेलं काम आहे, मुलं डोळे मोठे करून बघतात, त्याला नावं ठेवायची नाहीत. तरीपण मला राहून राहून वाटतं की जगात लंडनचं घर एक आहे आणि माणगावचा तक्क्याही एकच आहे. लंडनच्या घराची नक्कल कुठेही करता येते. ज्या वस्तीने २८ वर्षांच्या तरुणाला आपल्या पुढाऱ्याची जागा दिली, त्या वस्तीच्या बसायच्या जागेची नक्कल करता येत नाही. परिषदेची शताब्दी आली ती तारीखही नशिबाने थट्टा करावी अशी निघाली. २२ मार्च २०२०, जनता कर्फ्यूचा दिवस. शंभर वर्षांपूर्वी जिथे माणसं जमली म्हणून इतिहास झाला, तिथे त्या दिवशी माणसांनी जमू नये असं देशभर आवाहन होतं.

महाराज ६ मे १९२२ रोजी मुंबईत खेतवाडीतल्या पन्हाळा लॉजमध्ये वारले. वयाची ४८ वर्षंही पुरी झाली नव्हती. आपली समाधी कोल्हापूरच्या नर्सरी बागेत असावी, असं त्यांनी आधीच लिहून ठेवलं होतं. नर्सरी बाग म्हणजे नावाप्रमाणे रोपवाटिका. तिथे शिवाजी महाराज आणि ताराराणी यांची छोटी देवळं आहेत, आणि शेजारी सिद्धार्थनगरची वस्ती. पूर्वजांच्या पायाशी आणि झाडांच्या रोपांत, ही निवडसुद्धा बोलकी आहे. पण अंत्यसंस्कार पंचगंगेच्या काठी झाले आणि इच्छा कागदावर राहिली. ती पुरी व्हायला १९ जानेवारी २०२० उजाडावं लागलं. महापालिकेने समाधीस्थळ बांधलं, शरद पवारांच्या हस्ते लोकार्पण झालं. ९८ वर्षं! राजाचं मृत्युपत्र असूनही जागा त्याच्या नावावर व्हायला एवढा काळ लागतो, तिथे गल्लीतल्या मोकळ्या प्लॉटवर वाचनालय मागणाऱ्या मंडळाने किती वाट पाहायची?

नर्सरी बागेत एक गोष्ट मात्र चांगली झाली. ती वस्तीला चिकटून आहे. समाधीस्थळ आणि सिद्धार्थनगर यांच्यात अंतर नाही, आणि शेजारच्या माणसाला आत येताना आपण पाहुणे आहोत असं वाटू नये, ही खरी कसोटी आहे. कोल्हापूरला स्मारकाची चांगली परंपराही आहे. बिंदू चौकात महात्मा फुले आणि डॉ. आंबेडकर यांचे पुतळे भाई माधवराव बागलांनी ९ डिसेंबर १९५० रोजी बसवले, तेव्हा बाबासाहेब हयात होते. चौकात पुतळा बसतो आणि त्याच्या पायाशी सभा होतात, मोर्चे निघतात, भांडणंही होतात. तो चौक जिवंत आहे तो या वर्दळीमुळे.

शाहू मिलच्या बाबतीत भीती नेमकी उलटी आहे. मुंबईत गिरण्या पडल्या तिथे मॉल आणि टॉवर आले, आणि लालबाग-परळला ज्यांचं आयुष्य गेलं त्यांची नातवंडं तिथे राखणदार म्हणून उभी राहिली. दादरच्या इंदू मिलच्या साडेबारा एकरांवर बाबासाहेबांचं स्मारक व्हावं म्हणून आंबेडकरी जनतेला रस्त्यावर उतरावं लागलं, ६ डिसेंबर २०११ रोजी लोक गिरणीत शिरले, तेव्हा कुठे सरकार हललं. कोल्हापुरात जागा बिल्डरच्या हातात गेली नाही, एवढं खरं. पण स्मारक म्हणून कागदावर जे येतं ते काचेचं, तिकिटाचं, संध्याकाळी सहाला बंद होणारं असतं. आणि त्यात एक विसर असतो. ही नुसती महाराजांच्या नावाची मोकळी जमीन नाही. इथे लोकांनी पाळीवर काम केलं, कानठळ्या बसवणाऱ्या खात्यात उभं राहून संसार केले, आणि २००३ साली त्यांच्या पायाखालची जमीन गेली. गिरणी महाराजांनी काढली ती या माणसांसाठी. त्यांच्या आठवणीला संग्रहालयात एक दालन देऊन भागणार नाही. तिथल्या दगडी इमारतींतच रात्रीची अभ्यासिका निघाली, शिकाऊ पोरांना राहायला खोल्या मिळाल्या, बचत गटाच्या बायकांना आठवड्याचा बाजार भरवायला शेड मिळाली, कामगारांच्या नातवंडांना खेळायला मैदान राहिलं, तर १९०१ च्या बोर्डिंगशी त्याचं काही नातं लागेल. नाहीतर एक बाग होईल. बागेला माझा विरोध नाही, कोल्हापूरच्या उन्हात सावली कुणाला नको असते? पण हातात काठी घेतलेला रखवालदार असलेली बाग आणि मुलांनी भरलेली बाग यांत फरक असतो.

असं होऊ शकतं याचा पुरावा शहराने एकदा पाहिला आहे. २०२२ साली महाराजांच्या स्मृतीला शंभर वर्षं झाली. ६ मे रोजी सकाळी दहा वाजता शहर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं, रिक्षा, एसटी, भाजीवाले, सगळे. आणि त्या कृतज्ञता पर्वात शाहू मिलचं फाटक लोकांसाठी उघडलं. प्रदर्शनं लागली, वस्तूंचे स्टॉल लागले, कार्यक्रम झाले. झुंबड उडाली. वर्षानुवर्षं भिंतीबाहेरून पाहिलेली जागा आतून कशी आहे हे पाहायला माणसं घरच्या म्हाताऱ्यांना धरून घेऊन आली. त्यासाठी कुठला आराखडा मंजूर व्हावा लागला नव्हता. गवत काढलं होतं, दिवे लावले होते, पाण्याची सोय केली होती. आठवड्यातून दोन दिवस तरी एवढं चालू ठेवायला काय हरकत होती, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पर्व संपलं, मंडप उतरले, आणि फाटकाला पुन्हा कुलूप लागलं.