चाकरमान्यांची छाती आणि ४० वर्षांचं रेकॉर्ड

रत्नागिरीतली कित्येक घरं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या मनीऑर्डरवर चालली. कुणी गिरणीत, कुणी गोदीत. तिथल्या बॉयलरवर, वाफेच्या पाइपांवर अ‍ॅस्बेस्टॉस गुंडाळायची तेव्हा पद्धतच होती. रिटायर झालं की चाकरमानी गावी परत.

१९६० साली वॅग्नर आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतले ३३ रुग्ण नोंदवले. आजार मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या आवरणाचा कॅन्सर. जवळजवळ सगळ्यांचा अ‍ॅस्बेस्टॉसशी संबंध आलेला. धूळ छातीत गेल्यावर आजार दिसायला २० ते ५० वर्षं!

तोवर शरीर काय करतं? पेशी तो धागा गिळायला जातात, पण लांब धागा गिळवत नाही. दाह धुमसत राहतो. लढणाऱ्या लिम्फोसाइटना रक्तातून बाहेर पडायला खास दारं लागतात: उंच पेशींचं अस्तर असलेल्या बारीक शिरा. १९६४ मध्ये गोवन्स आणि नाइट यांनी उंदरांत हा रस्ता दाखवला. एरवी या शिरा लिम्फ नोडमध्ये असतात, पण जुनाट दाहात आणि कॅन्सरच्या गाठीतही उगवतात. २०२० मध्ये अमेरिकेत मेसोथेलिओमासाठी मंजूर झालेली इम्युनोथेरपी याच लिम्फोसाइटच्या भरवशावर चालते.

आपल्या सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्येच सांगितलं: अ‍ॅस्बेस्टॉस कामगाराचं आरोग्य-रेकॉर्ड नोकरी लागल्यापासून ४० वर्षं किंवा सुटल्यावर १५ वर्षं, जे नंतर येईल तोवर जपा. आमचे सर्व्हर लॉग ९० दिवसांत उडतात, राव!

पण रेकॉर्ड मुंबईत आणि पेशंट रत्नागिरीत. म्हणून छातीत पाणी झालं तर टीबीची तपासणी कराच, आणि सोबत एवढंही विचारा: "आजोबा, मुंबईत नेमकं काय काम करायचात?"