वाकणारी पट्टी

१९८६ साली बिनिग, क्वेट व गर्बर या त्रयीने अणुबल सूक्ष्मदर्शक सिद्ध केला. त्याचा प्राण म्हणजे एका टोकाशी जखडलेली, केसाहूनही पातळ अशी अधांतरी पट्टी. पृष्ठभागावरील सूक्ष्म चढउतार टिपणे हे तिचे काम. परंतु हवेतील दमटपणा पालटला की ती आपोआप वाके आणि मोजमाप बिघडे. अमेरिकेतील ओक रिज प्रयोगशाळेत थॉमस थुंडाट व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली या उपद्रवाचाच अभ्यास केला. पट्टीला बाष्प कळते, तर विषारी वायू का कळू नये? तिच्या एकाच अंगावर विशिष्ट रेणूंना धरून ठेवणारा लेप चढविला की ते रेणू चिकटताच तेथे ताण पडतो, पट्टी वाकते आणि तिच्यावरून परावर्तित होणारा प्रकाशकिरण सरकतो. २००० साली झुरिक व बाझेल येथील संशोधकांनी या रीतीने डी. एन. ए.च्या बारा अक्षरांतील एका अक्षराचा फरक ओळखून दाखविला. मात्र त्यासाठी शेजारी दुसरी पट्टी ठेवून दोघींच्या वाकण्यातील अंतर मोजावे लागले. कारण उष्णतेलाही पट्टी दाद देतेच. पुढे पवईच्या आय. आय. टी.तही स्फोटकांचा गंध घेणाऱ्या अशा पट्ट्या घडल्या. आणि मुंबईची हवा किती दमट, हे सांगणे नलगे.