हलक्या स्टिअरिंगचा जड इतिहास

लहानपणी खंबाटकी घाटात एसटीच्या चालकाला वळणावर सीटवरून अर्धवट उठून स्टिअरिंग ओढताना मी पाहिले आहे. पुढे नोकरीनिमित्त अमेरिकेत, मॅसॅच्युसेट्समध्ये आलो, तेव्हा एका हाताने वळणाऱ्या मोटारींचे नवल वाटले. पण या हलकेपणाचा इतिहास शोधावासा वाटला तो निवृत्तीनंतर, शेजाऱ्याच्या १९७२ च्या शेवरोले कॉर्व्हेटखाली पाठीवर पडल्यावर.

पन्नास वर्षांत रबरी सील कडक झाली होती आणि पॉवर स्टिअरिंगचे तेल जमिनीवर ठिबकत होते. आम्ही कंट्रोल व्हॉल्व्ह आणि सिलिंडर उतरवले, धुऊन टेबलावर मांडले. या व्हॉल्व्हचा जीव म्हणजे त्यातला बोटाएवढा स्पूल. चालकाने चाक फिरवले की तो किंचित सरकतो, तेल सिलिंडरच्या एका बाजूला जोराने जाते आणि त्याचा दाब चाके वळवायला मदत करतो. चाक सरळ असताना मात्र स्पूल मधोमध उभा असतो. तेव्हा सर्व वाटा उघड्या राहतात आणि तेल दाब न धरता पंपाकडे परत जाते.

ही उघडी वाट ज्याने मोटारीत आणली, तो फ्रान्सिस डेव्हिस माझ्या घरापासून जवळच असलेल्या वॉल्थमचा. पिअर्स-ॲरो कंपनीच्या ट्रक विभागात तो मुख्य अभियंता होता. जड ट्रक वळवताना चालकांची होणारी दमछाक त्याने जवळून पाहिली होती. नोकरी सोडून त्याने वॉल्थममध्ये छोटी कार्यशाळा थाटली आणि जॉर्ज जेसप या कसबी टूलमेकरला सोबत घेतले. त्या काळच्या हायड्रॉलिक यंत्रांत व्हॉल्व्ह बंद ठेवून तेल सतत दाबाखाली ठेवण्याची पद्धत होती. त्यातून गळती आणि बिघाड होत. डेव्हिसने उलटा विचार केला : तेल वाहते राहू द्यावे आणि चालकाला गरज असेल तेवढ्या क्षणापुरताच दाब निर्माण करावा.

१९२६ मध्ये आपल्या पिअर्स-ॲरो मोटारीवर ही यंत्रणा बसवून तो डेट्रॉइटला गेला. जनरल मोटर्सने त्याच्याशी करार केला. पण महामंदीत खर्चाचा हिशेब जुळेना आणि १९३४ मध्ये कंपनीने हा विषय सोडून दिला. १९३६ मध्ये डेव्हिसने बेंडिक्स कंपनीशी करार केला. दुसऱ्या महायुद्धात ही यंत्रणा लष्कराच्या जड वाहनांवर आली. सामान्य ग्राहकाला मात्र ती मिळाली १९५१ मध्ये, क्रायस्लर इंपीरियलच्या रूपाने. तोवर डेव्हिसच्या काही पेटंटची मुदतही संपली होती. कॉर्व्हेटवर पॉवर स्टिअरिंगचा पर्याय १९६३ मध्ये आला.

नवी सील बसवताना पहिली ओ-रिंग माझ्याच घाईमुळे कापली गेली. दुसरी तेल लावून अलगद सरकवली. खरी परीक्षा पुढे होती. पुढची चाके उचलून, सिलिंडरचा दांडा चासीपासून सोडवून इंजिन सुरू केले. दांडा आपोआप आत ओढला गेला. स्पूल मध्यावर नव्हता. तसेच जोडले असते, तर चालत्या गाडीने स्वतःच एका बाजूला धाव घेतली असती. नट फिरवत गेलो, तसा दांडा बाहेर येऊ लागला; उलट फिरवला, तेव्हा पुन्हा आत निघाला. या दोन जागांच्या बरोबर मध्यावर नट आणला आणि दांडा स्थिर झाला. हाताने ढकलला तर मुकाट्याने आत जायचा, ओढला तर बाहेर यायचा. डेव्हिसची उघडी वाट मला त्या हाताच्या स्पर्शातून कळली.

इतिहासाच्या पुस्तकांत पॉवर स्टिअरिंगची कथा बहुधा १९५१ पासून सुरू होते. ते बाजारात येण्याचे साल आहे. युक्ती त्याआधी पंचवीस वर्षे रस्त्यावर धावत होती. मध्ये अडली ती किंमत. वजन कोणाच्या खांद्यावर पडायचे, हे ज्ञानाने ठरले नाही, हिशेबाने ठरले. खंबाटकीचा तो चालक सीटवरून उठत होता, तेव्हा त्याच्या दुखण्यावरचे उत्तर कधीच सापडलेले होते. ते त्याच्या बसपर्यंत पोचले नव्हते, एवढेच.